वाघाच्या पोटरीत

वाघ म्हटलं की झेप आठवते. दबा, एक उसळी, मानेवर जबडा, आणि काही क्षणांत सगळं संपलेलं. बालाघाट जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे चित्र लहानपणापासून पाठ असतं, कारण कान्हाचा मुक्कीकडचा भाग आमच्याच बैहर तालुक्यात येतो आणि वाघाच्या गोष्टी इथे घरोघरी असतात. तेव्हा वाघाचा पाय कसल्या मांसाचा असेल असं कुणी विचारलं, तर उत्तर चटकन ओठांवर येतं: झटक्याच्या, वेगाच्या.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाघ, चित्ता आणि घरातलं मांजर या तिघांच्या मागच्या पायांतले तेच ते स्नायू घेऊन त्यांतली संथ आणि वेगवान जातीची प्रथिनं मोजली गेली. पोटरीच्या मोठ्या स्नायूच्या आतल्या भागात, संथ बाजूकडे झुकणाऱ्या दोन जातींचा वाटा वाघात ६२ टक्के निघाला, चित्त्यात ४४. त्याच्या शेजारच्या प्लांटारिस स्नायूत वाघात ८६ टक्के, चित्त्यात ५५. पोटरीत खोलवर सोलियस नावाचा एक स्नायू असतो, संथ तंतूंचं माहेरघरच म्हणावं असा. तो तर चित्त्यात सापडलाच नाही.

म्हणजे वाघाचा पाय झेपेपेक्षा चालीसाठी अधिक घडलेला आहे. क्षणभर विचार केला की ते पटतं. वाघ एका रात्रीत दहा-वीस किलोमीटर सहज चालतो. आपला इलाखा फिरतो, खुणा ठेवतो, पाणवठे धुंडाळतो, सावज हेरत राहतो. जॉर्ज शॅलर यांनी १९६० च्या दशकात कान्हात राहून हरणांचा आणि वाघाचा अभ्यास केला. तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत आली आहे: वाघाचे बहुतेक हल्ले फसतात. झेप ही त्याच्या दिवसातली काही सेकंदांची घटना असते, चाल मात्र तासन्‌तासांची. आपण पाहतो ते त्या सेकंदांकडे. पोटरी घडली आहे ती तासांनी.

मला सांगायचं आहे ते एवढंच. स्नायू कसा आहे हे ठरतं त्याला रोज काय करावं लागतं यावरून, आणि ते ‘रोजचं काम’ त्याच्यापर्यंत पोहोचतं मज्जातंतूच्या ठोक्यांतून. वाक्य छोटं आहे, पण ते खरं कसं हे समजायचं तर स्नायूच्या आत, अगदी तळापर्यंत उतरावं लागतं.

आपल्या वजनाचा सुमारे चाळीस टक्के भाग हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो, आणि असे स्नायू सहाशेहून जास्त आहेत. कुठलाही एक घ्या. त्याच्याभोवती एक चिवट, पांढरट आवरण असतं. मटण साफ करताना सुरीला अडतो तो पापुद्रा हाच. या आवरणाचे पडदे आत शिरून स्नायूचे जुडगे पाडतात आणि जुडग्यातल्या प्रत्येक तंतूला पुन्हा एक अगदी पातळ वेष्टन असतं. तिन्ही आवरणं टोकाशी एकवटतात, त्यांची कंडरा होते आणि कंडरा हाडात रुजते. तंतूने लावलेली ओढ हाडापर्यंत पोहोचते ती या सलग जाळ्यातून.

तंतू म्हणजे एकच पेशी, पण पेशी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तसा गोल ठिपका नव्हे. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर, आणि आत एक सोडून शेकडो केंद्रकं. आईच्या पोटात असताना अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून जातात आणि त्यांचा हा एक लांब तंतू होतो. त्याच्या आत तंतूच्याच लांबीने धावणारे शेकडो बारीक धागे असतात आणि प्रत्येक धाग्यावर आडवे गडद-फिके पट्टे असतात. पट्ट्यांचा हा साचा म्हणजे सार्कोमिअर या एककांची ओळ. एक सार्कोमिअर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या दुप्पट-अडीचपट लांब. दहा सेंटिमीटरच्या तंतूत असे सुमारे चाळीस हजार सार्कोमिअर एकापुढे एक लागलेले असतात. त्यातला प्रत्येक जण अर्धा मायक्रोमीटर आखडला, की चाळीस हजारांची बेरीज होऊन तंतू दोन सेंटिमीटरने आखूड होतो. आपलं चालणं, उचलणं, लिहिणं सगळं या बेरजेतून येतं.

सार्कोमिअर आखडतो कसा, याचं उत्तर १९५४ साली मिळालं. तोवर बऱ्याच जणांना वाटत होतं की प्रथिनाचा धागा स्वतःच दुमडत किंवा गुंडाळत असावा. त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन हक्स्ली एकमेकांचे नातेवाईक नव्हते आणि दोन्ही गटांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट पाहिली होती. आकुंचनात गडद पट्ट्याची लांबी तीच राहते, फिका पट्टा मात्र अरुंद होतो. म्हणजे धागे दुमडत नाहीत. जाड धाग्यांच्या मधून पातळ धागे सरकत जातात. जाड धागे मायोसिन या प्रथिनाचे, पातळ धागे मुख्यतः ॲक्टिनचे.

एका जाड धाग्यातून मायोसिनची शेकडो डोकी बाहेर आलेली असतात. विहिरीतून भरलेला पोहरा वर घेणारी बाई एका हाताने दोर धरते, ओढते, दुसऱ्या हाताने पुढचा दोर पकडते आणि मग पहिला हात सोडते. कुठला ना कुठला हात कायम दोरावर असल्याशिवाय पोहरा वर येत नाही. मायोसिनची डोकी ॲक्टिनचा धागा तसाच ओढतात. धरतात, वाकतात, सोडतात, पुढे धरतात. दर वेळी सोडण्यासाठी त्यांना एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू लागतो. ओढण्याच्या क्षणी नव्हे, सोडण्याच्या क्षणी, हे मला या साऱ्या यंत्रणेतलं फार विलक्षण वाटतं. वाघाने मारलेलं चितळ काही तासांत ताठरतं ते याचमुळे: एटीपी संपलेलं असतं आणि डोक्यांना पकड सोडता येत नाही. जिवंत स्नायूत मात्र ओढ सुरू करण्याची खूण वेगळीच. मज्जातंतूचा ठोका पोहोचला की तंतूच्या आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर येतं, पातळ धाग्यावर मायोसिनला धरायची जागा मोकळी होते आणि काम सुरू होतं. कॅल्शियम परत पिशवीत गेलं की थांबतं. या कॅल्शियमकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

इथवर सांगितलेलं सगळं संथ तंतूत आणि वेगवान तंतूत सारखंच आहे. तोच सार्कोमिअर, तीच ओढ, आणि तेवढ्याच जाडीच्या तंतूने लावलेल्या जोरातही फारसा फरक नाही. मग वेगळं काय?

वेगळी आहे ती मायोसिनच्या डोक्याची घाई. मायोसिन एकाच साच्याचं नसतं. शरीरात त्याच्या अनेक जाती तयार होतात. काही जातींचं डोकं धर-ओढ-सोड हा फेरा भराभर पुरा करतं, काहींचं निवांत. १९६७ साली मायकेल बाराणी यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या स्नायूंतलं मायोसिन वेगळं काढून ते एटीपी किती झपाट्याने फोडतं हे मोजलं. जो स्नायू जितका वेगाने आखडणारा, त्याचं मायोसिन तितकं झपाट्याने एटीपी फोडणारं, असा सरळ संबंध त्यांना दिसला. संथ मायोसिनच्या तंतूंना टाइप १ म्हणतात. वेगवानांमध्ये मधला टाइप २ए, त्याहून वेगवान टाइप २एक्स, आणि उंदरांसारख्या काही प्राण्यांत टाइप २बी हा आणखी वेगवान प्रकार. माणसाकडे त्याचं जनुक आहे, पण हातापायांच्या स्नायूंत ते वापरलं जात नाही. वाघाच्या अभ्यासात ‘संथ बाजूकडे झुकणारे’ म्हणून एकत्र मोजले गेले ते टाइप १ आणि टाइप २ए.

घाईची किंमत द्यावी लागते. वेगवान डोकी एटीपी भराभर खातात. संथ तंतू तेवढाच ताण फार कमी खर्चात धरून ठेवतो. म्हणून संथ तंतूची सगळी मांडणी दम टिकवण्याच्या बाजूने असते: ऑक्सिजनने इंधन जाळणारे कण भरपूर, भोवती केशवाहिन्यांची गर्दी, ऑक्सिजन साठवणारं मायोग्लोबिन जास्त. हे मायोग्लोबिन तांबडं असतं आणि मांसाला रंग देतं. गावरान कोंबडीची तंगडी तांबूस आणि छाती पांढरी असते, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. कोंबडी दिवसभर पायांवर हिंडते. पंख फडफडवते ते कुंपणावर चढण्यापुरते, नाहीतर कुत्रा मागे लागला तर. मैलोगणती उडणाऱ्या पारव्याची छाती मात्र गडद तांबडी. इटलीत लोरेन्झिनी यांनी १६७८ मध्येच तांबड्या आणि पांढऱ्या स्नायूंचा फरक नोंदवला होता. पण तांबडा स्नायू सावकाश आखडतो आणि पांढरा झटक्याने, हे दाखवून दिलं फ्रान्सच्या रांव्हिए यांनी, १८७० च्या दशकात. रंग आणि वेग एकाच धाग्यात बांधायला दोनशे वर्षं लागली.

आता खरा प्रश्न. हे तंतू स्नायूत कसे वाटलेले असतात? सोलियससारखे थोडे स्नायू सोडले तर माणसाच्या बहुतेक स्नायूंत दोन्ही जातींची सरमिसळ असते. मांडीच्या पुढच्या बाजूचा नमुना सुईने काढून पाहिला तर सामान्य माणसात साधारण निम्मे-निम्मे. रंगवलेल्या कापात सूक्ष्मदर्शकाखाली हे तंतू बुद्धिबळाच्या पटासारखे विखुरलेले दिसतात, आणि वाटतं की कुणी कसेही टाकले असावेत. तसं नाही.

सहसा पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या एका चेतापेशीला स्नायूत शिरल्यावर फांद्या फुटतात आणि ती अनेक तंतूंना जाऊन मिळते. डोळा हलवणाऱ्या स्नायूंत एका पेशीच्या वाट्याला दहा-वीस तंतू येतात, पोटरीत हजार-दोन हजार. ती पेशी ठोका देते तेव्हा तिचे सगळे तंतू एकदम आखडतात. १९६८ मध्ये स्वीडनच्या एडस्ट्रॉम आणि कुगेलबर्ग यांनी उंदराच्या स्नायूत अशा एकाच चेतापेशीला दीर्घकाळ चेतवून तिच्या तंतूंतला ग्लायकोजेनचा साठा रिकामा केला आणि नेमके कोणते तंतू रिकामे झाले ते कापात शोधून काढलं. ते विखुरलेले होते, पण सगळे एकाच जातीचे. एका चेतापेशीचं कुटुंब मिश्र नसतं.

असं का असावं? दोन शक्यता. एक, वाढीच्या काळात चेतापेशी आपल्या जातीचे तंतू निवडते. दोन, चेतापेशी ज्या तंतूंना मिळते त्यांना ती आपल्या जातीचं करते. बुलर, जॉन एकल्स आणि त्यांची मुलगी रोझमंड एकल्स यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे केलेला प्रयोग १९६० मध्ये छापून आला, आणि माझ्या मते स्नायूंच्या अभ्यासातला इतका स्वच्छ प्रयोग दुसरा नाही. मांजराच्या पायातल्या सोलियस या संथ स्नायूची नस त्यांनी कापली, तशीच एका वेगवान स्नायूचीही, आणि दोन्ही नसा अदलाबदल करून जोडल्या. नसा वाढून स्नायूंत पोहोचल्या. काही आठवड्यांनी वेगवान स्नायू संथ होऊ लागला होता आणि सोलियसला वेग येऊ लागला होता. मांजराच्या, म्हणजे वाघाच्या मावशीच्या, पोटरीने वाघाबद्दलचाही एक मोठा प्रश्न सोडवला: तंतूची जात तंतूत नसते, त्याला हाक देणाऱ्या पेशीत असते.

पण त्या पेशीतून तंतूला नेमकं काय मिळतं? एखादं रसायन, की नुसता ठोका? सॅमन्स आणि व्हर्बोव्हा यांनी १९६९ मध्ये सशांच्या वेगवान स्नायूला बारीक विद्युतयंत्राने सेकंदाला दहा ठोक्यांच्या लयीत सतत, आठवडेच्या आठवडे चेतवलं. तो स्नायू संथ झाला. पुढे ओस्लोच्या ल्यूमो यांच्या गटाने नसच पूर्णपणे काढून टाकली आणि उंदराच्या स्नायूला थेट विजेचे ठोके दिले. बदल तरीही घडला. रसायन असो वा नसो, लय पुरेशी ठरली. संथ पेशी सावकाश पण सतत ठोके देत राहतात. वेगवान पेशी बराच वेळ गप्प असतात आणि मग अगदी थोडा वेळ ठोक्यांचा भडिमार करतात. सतत ठोके पडले की तंतूत कॅल्शियम कायम थोडंसं वर राहतं. त्या कॅल्शियमने जागं होणारं एक एन्झाइम आहे, कॅल्सिन्यूरिन. ते एका प्रथिनाला केंद्रकात पाठवतं आणि तिथे संथ जातीची जनुकं चालू होतात. जे कॅल्शियम तंतूला ओढायला लावतं, तेच त्याला कोण व्हायचं हेही सांगतं.

इथे एक भेद पाळायला हवा. वाघ वाघाचे स्नायू घेऊन जन्मतो. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आपल्याच मध्य प्रदेशातल्या कुनोत आठ चित्ते आले आणि त्यांना आधी कुंपणाच्या आवारात ठेवण्यात आलं. तिथे त्यांनी कितीही येरझाऱ्या घातल्या तरी त्यांच्या पोटरीत सोलियस उगवणार नव्हता. स्नायूंची रचना, चेतापेशींची संख्या, कुठली पेशी संथ आणि कुठली वेगवान, याचा आराखडा वंशाने येतो, आणि तो वंशही हजारो पिढ्यांच्या रोजच्या जगण्यातूनच निवडला गेला आहे. एका आयुष्यात होणारा बदल त्या आराखड्याच्या आत होतो. माणसात व्यायामाने टाइप २एक्स तंतू टाइप २ए कडे सहज झुकतात. टाइप १ आणि टाइप २ यांच्यातली सीमा ओलांडणं फार कठीण, फार दीर्घकाळ काम लावलं तरच थोडंफार शक्य. अमेरिकेत एका जुळ्यांच्या जोडीचा अभ्यास झाला, एक भाऊ तीस वर्षं धावत आलेला, दुसरा नाही. धावणाऱ्याच्या मांडीत संथ तंतूंचं प्रमाण खूपच जास्त निघालं. जोडी एकच होती, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये, पण तीस वर्षांच्या लयीने काय होऊ शकतं याची चुणूक तिथे दिसते.

एका माणसाच्या शरीरात या पेशी कामाला कोणत्या क्रमाने लागतात, याचा नियम एल्वूड हेनेमन यांनी १९६५ मध्ये स्पष्ट केला. लहान चेतापेशी आधी जागी होते, मोठी नंतर. लहान पेशींचे तंतू थोडे आणि संथ, मोठ्यांचे पुष्कळ आणि वेगवान. हलक्या कामात फक्त संथ तंतू चालतात. जोर वाढत जातो तशी वेगवानांना हाक जाते, आणि सर्वांत मोठ्या पेशींपर्यंत हाक पोहोचते ती जिवाच्या आकांताने ओढताना, ढकलताना किंवा उडी घेताना. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत जड वस्तू उचलणाऱ्याच्या शरीरात त्या काही क्षणांपुरत्या जाग्या होतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या शरीरात त्या महिनोन्‌महिने झोपलेल्या असू शकतात.

आता आषाढ-श्रावणातलं बालाघाट बघा. वारासिवनी, लालबर्रा, कटंगी, लांजी, जिकडे जाल तिकडे बांध्यांत पाणी आणि पाण्यात ओळीने वाकलेल्या बाया. वैनगंगेच्या या खोऱ्यात, अलीकडे आणि पलीकडच्या गोंदिया-भंडाऱ्यातही, धानाची रोवणी मुख्यतः बायांच्या हातची. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तांदळाच्या वासाबद्दल पुष्कळ बोललं जातं. ज्यांच्या पाठीवर तो उभा राहतो त्यांच्या स्नायूंबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

पऱ्हे हातात घेऊन बाई वाकते, चिखलात दोन-तीन काड्या खोचते, मागे सरकते, पुन्हा खोचते. सकाळी सुरू झालेलं हे काम संध्याकाळपर्यंत. यात एकही क्षण असा नसतो की जोराचा म्हणावा. पण घोट्यापर्यंत रुतलेल्या पायांवर पुढे झुकलेलं शरीर तोंडावर आपटू नये म्हणून पोटरीतला सोलियस सतत धरून असतो. पाऊल चिखलातून उपसताना मांडी आणि नितंबाचे स्नायू. कण्याच्या दोन्ही बाजूंना उभे जाणारे पाठीचे स्नायू बहुतांशी संथ तंतूंचे असतात, आणि अर्धवट वाकलेल्या स्थितीत सगळा भार तेच पेलतात. पण पूर्ण वाकल्यावर एक वेगळंच घडतं. १९५० च्या दशकात लंडनच्या फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी वाकणाऱ्या माणसांच्या पाठीवर इलेक्ट्रोड लावून पाहिलं. माणूस पूर्ण वाकला की पाठीच्या स्नायूंची विद्युत हालचाल जवळजवळ बंद पडते. भार तेव्हा मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर आणि ताणलेल्या पण गप्प स्नायूंवर जातो. स्नायूला ठोका नाही, पण ताण आहे. तासन्‌तास असं राहिलं की अस्थिबंध हळूहळू सैल होत जातात, आणि बाई कंबरेवर हात ठेवून सरळ होते तेव्हा स्नायूंना अचानक पुन्हा काम करावं लागतं, तेही ज्यांनी साथ द्यायची ते बंध सैल असताना. रोवणीच्या दिवसांत संध्याकाळी जी कंबर धरते, तिचं एक मोठं कारण इथे असावं असं मला वाटतं. ‘सवय आहे त्यांना’ असं म्हणून ते उडवून लावता येत नाही. स्नायूला सवय होते कारण त्याला ठोका मिळतो. अस्थिबंधाला असा ठोका देणारं कुणी नसतं.

या बायांचे दंड आणि पिंढऱ्या सहसा फुगलेल्या नसतात. व्यायामशाळेत वजन उचलून फुगतात ते मुख्यतः वेगवान तंतू. संथ तंतू सरावाने जाड होण्यापेक्षा दमदार होतो: त्यातले ऑक्सिजन वापरणारे कण वाढतात, भोवतीच्या केशवाहिन्या वाढतात. तो बदल बाहेरून दिसत नाही. बालाघाटच्या व्यायामशाळेत आरशासमोर उभा राहणारा तरुण मुलगा रोवणीला गेला तर दुपारच्या आत बसेल, आणि रोवणीची बाई तो उचलतो ते वजन उचलू शकणार नाही. दोघांकडे ताकद आहे, पण ताकद म्हटल्यावर आपल्या मनात एकाचंच चित्र येतं. मला ते सलतं, कारण मजुरी ठरवताना, ‘जड काम’ आणि ‘हलकं काम’ अशी वाटणी करताना, आणि दवाखान्यात पाठदुखीची तक्रार ऐकताना हेच चित्र डोक्यात असतं. दहा तास धरून ठेवलेला ताण कुणाला दिसत नाही.

संथपणाबद्दल आणखी एक गोष्ट. काम पूर्ण थांबलं तर तंतू कुठल्या बाजूला जातो? सहज विचार केला तर वाटेल, आळशी स्नायू संथ होत असणार. घडतं उलट. कण्याला इजा होऊन पाय निकामी झाले की काही महिन्या-वर्षांत त्या पायांतले तंतू मोठ्या प्रमाणात टाइप २एक्स होतात. अंतराळात वजन नाहीसं झाल्यावर अंतराळवीरांचा सोलियस झडतो आणि वेगवान जातीकडे सरकतो. व्यायाम करणाऱ्याने व्यायाम सोडला की टाइप २एक्सचं प्रमाण परत वाढतं, कधी सुरुवातीपेक्षाही जास्त. २००० साली डेन्मार्कमध्ये तसं नोंदलं गेलं. ठोका नसलेला तंतू वेगवान होतो, आणि बारीक होतो. संथपणा ही कायम चालू ठेवलेल्या कामाची मिळकत आहे. वाघाच्या पोटरीतले ते ८६ टक्के आणि रोवणीच्या बाईचा दिवसभर टिकणारा दम या दोन्हींच्या मागे न थांबणारी लय आहे.

म्हातारपणात मात्र झीज वेगळ्या बाजूने सुरू होते. साठीनंतर कण्यातल्या चेतापेशी कमी होऊ लागतात, आणि मोठ्या, वेगवान तंतू चालवणाऱ्या पेशींवर त्याचा घाला जास्त पडतो. पेशी गेली की तिचे तंतू पोरके होतात. शेजारून जाणाऱ्या संथ पेशीच्या फांद्या त्यांतल्या काहींना आपलंसं करतात, आणि एकल्सच्या मांजरात झालं तेच इथे सावकाश होतं: दत्तक गेलेले तंतू नव्या पेशीची जात घेतात. म्हाताऱ्या माणसाच्या स्नायूचा काप पाहिला तर बुद्धिबळाचा पट मोडलेला दिसतो. एकाच जातीचे तंतू घोळक्याने एकत्र. ज्यांना कुणी दत्तक घेत नाही ते वाळून जातात. म्हणून सत्तरीचा शेतकरी मैल-मैल चालू शकतो, पण बांधीच्या ओल्या धुऱ्यावरून पाय घसरला तर सावरू शकत नाही. सावरण्यासाठी सेकंदाच्या काही दशांश भागात दुसरा पाय जोराने पुढे पडायला हवा, आणि ते काम वेगवान तंतूंचं. खाटेवरून उठताना हाताचा आधार लागणं, एसटीची पायरी चढताना कठडा धरणं, ही त्याच झिजेची आधीची चिन्हं. आपल्याकडे म्हाताऱ्यांना ‘रोज फिरायला जा’ असं सांगतात. फिरणं हृदयाला आणि मनाला चांगलंच, पण हेनेमनचा क्रम आठवला तर लक्षात येतं की सावकाश फिरण्यात मोठ्या चेतापेशींपर्यंत हाक क्वचितच पोहोचते. त्यांना जागवायचं तर जोर लागेल असं काहीतरी करायला हवं.

ते या वयात शक्य आहे का? १९९० मध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधल्या वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त माणसांना मांडीच्या स्नायूंचा जोराचा व्यायाम दिला, आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. जड वजनं, अर्थात त्यांच्या कुवतीच्या मानाने, आणि देखरेखीखाली. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या स्नायूची जाडी वाढली होती फक्त नऊ टक्के. या दोन आकड्यांतल्या दरीकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो. मांस इतकं थोडं वाढून ताकद जवळजवळ तिप्पट होते, ती मुख्यतः कण्यातून. उरलेल्या चेतापेशींना हाक जाऊ लागते, जास्त पेशी एकत्र येतात, ठोके दाट पडतात. त्या दहा जणांतल्या काहींच्या चालण्याचा वेगही वाढला, आणि दोघांनी काठी सोडून दिली.